मधमाश्यांचे व्याधी आणि औषधालयातील मध

अनुपान असो, अवलेहातील प्रक्षेप असो वा आसवारिष्टांचे संधान, मधावाचून आपल्या औषधालयाचे पान हलत नाही. चरकाचार्यांनी माक्षिक, भ्रामर, क्षौद्र व पौत्तिक असे मधाचे चार प्रकार वर्णिले आहेत, सुश्रुताचार्यांनी आठ. मधाची परीक्षा आपण करतो, मात्र ज्या माश्यांनी तो साठविला त्यांच्या आरोग्याची चौकशी क्वचितच करतो. पाचोड येथे आम्हीही अनेक वर्षे रंग, घनता आणि दर एवढेच पाहून मध घेत आलो. ही उणीव का भरून काढावी, हे प्रस्तुत लेखात मांडीत आहोत.

मधमाश्यांची वसाहत हे एकच शरीर समजावे. हंगामात कामकरी माशीचे आयुष्य सुमारे सहा आठवड्यांचे असते. त्यातील पहिले काही आठवडे ती पोळ्यातच अळ्यांना भरविते आणि नंतर मकरंदासाठी बाहेर पडते. अळ्या मरू लागल्या तरी पेटीवरील वर्दळ काही दिवस पूर्वीसारखीच दिसते. पुढे जुन्या माश्या संपतात आणि त्यांची जागा घेण्यास नव्या उरत नाहीत. रसधातूच्या दुष्टीचे परिणाम उत्तरोत्तर धातूंत दिसावेत, तसाच हा प्रकार होय.

आपल्याकडील सातेरी माशीस सर्वांत घातक ठरलेला व्याधी म्हणजे थाई सॅकब्रूड. हा विषाणुजन्य रोग १९७६ साली थायलंडमध्ये आढळला आणि १९७८ च्या सुमारास ईशान्य भारतात पोहोचला. १९९१-९२ मध्ये केरळ, कर्नाटक व तमिळनाडूतील सातेरीच्या बहुसंख्य वसाहती त्याने नष्ट केल्या. यात अळी कोषावस्थेपूर्वीच मरते आणि पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी होते. यावर औषध नाही. बाधित पोळी काढणे, राणीस काही काळ अडवून अळ्यांची साखळी तोडणे आणि साथीतून तगलेल्या वसाहतींपासून वंश वाढविणे, हेच उपाय. व्याधिक्षमत्वाचे महत्त्व येथे स्पष्ट होते.

युरोपियन फाउलब्रूड हा जिवाणुजन्य रोग महाराष्ट्रातील सातेरी वसाहतींत सत्तरच्या दशकाच्या आरंभी नोंदविला गेला. त्यात अळ्या पिवळसर पडून कुजतात व आंबूस वास येतो. व्हॅरोआ या परोपजीवी कोळ्याची गोष्ट निराळी. त्याचा मूळ आश्रय सातेरीच. ती त्याला अंगावरून झटकते आणि तिच्याकडे त्याची वाढ मुख्यतः नरांच्या कोठड्यांतच होते. बाहेरून आणलेल्या मेलिफेरा माशीस असे सात्म्य नाही. तिच्या वसाहतींत तो कामकरी अळ्यांवरही वाढतो, पंख विकृत करणारा विषाणू पसरवितो आणि उपाय न केल्यास वसाहत खचते.

हे व्याधी मनुष्यास होत नाहीत. आपला संबंध येतो तो उपचारांमुळे. फाउलब्रूड आवरण्यासाठी पेटीत टेट्रासायक्लिनसारखी प्रतिजैविके दिली, तर त्यांचे अवशेष मधात उतरू शकतात. युरोपीय संघाने २०१० साली भारतीय मधाची आयात रोखली, त्याच्या कारणांत प्रतिजैविकांच्या अवशेषांचा प्रश्नही होता. पुढे २०११ मध्ये ही बंदी उठली. मध योगवाही आहे, असे आपण रुग्णास सांगतो. मग त्या मधासोबत काय जाते, हे पाहण्याचे दायित्वही आपलेच.

यास्तव फार्मसीचालकांस दोन विनंत्या. मध घेताना तो कोणत्या प्रदेशातील, कोणत्या माशीचा, वसाहतींना कोणती औषधे दिली होती, हे लेखी मागावे. घाऊक खरेदीत प्रतिजैविकांच्या तपासणीचा अहवाल घ्यावा. दुसरी विनंती रिकाम्या डब्यांविषयी. एका उन्हाळ्यात, मोसंबीचा बहर सरल्यावर, आमच्या औषधालयामागे उघड्या ठेवलेल्या डब्यांवर माश्यांची झुंबड उडालेली आम्ही पाहिली. अमेरिकन फाउलब्रूडचे बीजाणू मधात अनेक वर्षे जिवंत राहतात. दूरच्या रोगट वसाहतीचा मध अशा डब्यांतून येथील निरोगी वसाहतीत जाऊ शकतो, हे तेव्हा आमच्या ध्यानी आले. तेव्हापासून डबे रिकामे होताच गरम पाण्याने धुऊन झाकून ठेवण्याचा नियम आम्ही केला आहे.

पुणे येथील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून या विषयात कार्यरत आहे. महाबळेश्वर येथे राज्याचे मध संचालनालय आहे. आपल्या परिसरातील मधपाळांना रोगाची शंका येताच तेथे पाठविणे, हेही वैद्याचे कार्य समजावे. माशी निरोगी राहिली तरच ग्रंथोक्त गुणांचा मध आपल्या खलापर्यंत पोहोचेल.