आमची कातडीची डॉक्टरीण

माझी भाची एम.बी.बी.एस. झाली तेव्हा आमच्या गेवराईत पेढे वाटले गेले. पुढे तिला एम.डी.साठी 'स्किन' मिळाले तेव्हा तर घरात जो आनंद झाला, तो काही विचारू नका! मी पडलो मराठीचा प्राध्यापक. मला वाटले, हृदय, मेंदू असे मानाचे अवयव सोडून पोरीने कातडी ती काय घेतली? बहिणीजवळ मी तसे बोलूनही दाखवले. त्यावर आमचे मेहुणे माझी कीव आल्यासारखे हसले. त्यांनी मला समजावले, की हल्ली या शाखेच्या जागा इतर बहुतेक शाखांच्या आधी भरतात. नीट-पीजीच्या परीक्षेत नंबर पुष्कळ वर असेल तरच हे भाग्य. रात्री-अपरात्री कोणी दार ठोठावत नाही, मुरुमाने कोणी मरत नाही, आणि एकदा लेझरचे मशीन टाकले की लक्ष्मी आपल्या पायांनी घरी चालत येते!

मेहुण्यांची ही समजूत पहिल्या तीन महिन्यांतच उतरली. भाची रुजू झाली ती एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात. अभ्यासक्रम तीन वर्षांचा. त्यात बाह्यरुग्ण विभाग, वॉर्ड, परीक्षा आणि वर एक प्रबंध. पहिल्या वर्षाचा रेसिडेंट म्हणजे घरातली धाकटी सून. सर्वांच्या आधी उठायचे आणि सर्वांच्या नंतर जेवायचे. एके रात्री तिचा फोन आला. "मामा, आज चार तास एका आजींचं ड्रेसिंग करत होते. पाठीवर कातडीच उरलेली नाही." त्या आजींना पेम्फिगस नावाचा रोग होता. यात शरीराचे रक्षक घरच्याच माणसांवर उलटतात आणि कातडीच्या पेशींना जोडणारा डिंकच सुटतो. अंगभर फोड येतात व फुटतात. 1950 च्या सुमारास स्टेरॉइड औषधे आली, तोवर या रोगातून फारच थोडे लोक वाचत. मुरुमाने कोणी मरत नाही हे खरे. पण कातडी गेल्यावर माणूस भाजल्यासारखाच मरतो, हे आम्हांला तेव्हा कळले.

दुसऱ्या वर्षी या विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्ह्याच्या रुग्णालयात काम करावे लागते. तिला बीड मिळाले आणि ती आमच्याकडे राहायला आली. सकाळी एस.टी.ने बीड गाठायचे, संध्याकाळी परत. ती घरी यायच्या आतच ओट्यावर शेजारीपाजारी जमलेले असत. कोणाचा कोंडा, कोणाच्या टाचेच्या भेगा, कोणाच्या गालावरचे वांग. आमच्या सौभाग्यवती चहा करून दमल्या!

या मंडळींशी बोलताना मात्र भाचीची मोठी पंचाईत होई. तिचे शिक्षण इंग्रजीत आणि रोगी बोलणार आपल्या भाषेत. एक म्हातारबाबा म्हणाले, "ताई, चाई लागलीया." भाची माझ्याकडे पाहू लागली. मी म्हटले, "डोक्यावर रुपयाएवढे टक्कल पडते ना, ती चाई." तेव्हापासून मी तिला एक वही करून दिली. गांधी, घामोळे, पुटकुळी, केसतूड, गळू, चामखीळ, कुरूप, लास, शिबे, चिखल्या, इसब, खरूज, नायटा, नागीण! वाचकहो, आपल्या भाषेने माणसाच्या कातडीकडे किती बारकाईने पाहिले आहे, हे मला पंचवीस वर्षे मराठी शिकून-शिकवून कळले नव्हते. ते त्या वहीने कळले. भाची म्हणाली, "मामा, आम्हांलाही पहिले सहा महिने हेच शिकवतात. औषध नंतर. आधी समोर दिसतं ते अचूक शब्दांत सांगा. सपाट आहे की उंच, कोरडं की ओलं, कड स्पष्ट की पुसट." म्हणजे निबंधाचाच तास की हा!

एक दिवस सुटी काढून मी तिच्याबरोबर बीडला गेलो. नायट्याची रांग तर संपता संपेना. ती खपल्या खरवडून काचेवर घेई, त्यावर एक द्राव टाकी आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे शोधी. बहुतेकांनी दुकानातून कसली तरी ट्यूब आणून महिनोन्महिने चोळलेली. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असते. त्याने खाज थांबते, लाली जाते, आणि आत बुरशी मात्र सुखाने पसरते. पेम्फिगसच्या आजींना ज्याने जगवले, तेच औषध इथे घात करते! 2018 साली अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम झाला. पण चिठ्ठी मागतो कोण? खरजेच्या रोग्याला ती बजावून सांगे, "एकट्यानं लावून उपयोग नाही. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत लावायचं." ऊसतोडीच्या कोपीतून आलेल्या एका बाईला तिने साऱ्या कोपीपुरते औषध बांधून दिले.

मग एक मुलगी आली. मनगटावर पांढरा डाग, तोंडावर पदर आणि बरोबर रडवेली आई. जमलेले लग्न मोडले होते. ते कोड होते. रंग तयार करणाऱ्या पेशी नाहीशा होतात, एवढाच तो विकार. तो कोणाला लागत नाही, जिवाला धोका नाही. पण 'कोड' हा शब्दच संस्कृत 'कुष्ठ'पासून प्राकृतातून आलेला. हिंदीत तोच 'कोढ' होऊन महारोगाला लागला. दोन अगदी वेगळे रोग, पण एका शब्दाच्या पोटी जन्मले आणि एकाचे पाप दुसऱ्याच्या माथी बसले. त्या मायलेकींना भाची अर्धा तास समजावत होती. मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो, आणि माझा डावा हात आपोआप पाठीमागे जात होता.

आता जे सांगायचे ते सांगतो. माझ्या डाव्या कोपराच्या वर वर्षभरापासून एक फिकट चट्टा होता. आधी मी त्याला शिबे म्हटले. मग पूर्ण बाह्यांचे सदरे शिवून घेतले. मुलांना वर्गात भूतदया शिकवणारा मी, घरात सौभाग्यवतीपासूनही हात लपवत होतो. त्या आधीच्या दिवाळीत अभ्यंगस्नानाला पाटावर बसलोच नाही. "सर्दी आहे," म्हणून न्हाणीघराचे दार आतून लावून घेतले. घरात त्वचारोगाची डॉक्टर उतरलेली, तिला साऱ्या गल्लीने अंग दाखवले. दाखवले नाही ते फक्त मामाने.

बीडहून परत आल्यावर त्या रात्री मी बाही वर केली. भाची काही बोलली नाही. तिने मला डोळे मिटायला सांगितले आणि कापसाचे टोक काढून म्हणाली, "लागेल तिथं बोट ठेवा." मनगटाला लागले, दंडाला लागले. मग बराच वेळ काहीच लागेना. मी म्हटले, "अगं, थांबलीस का?" ती म्हणाली, "मामा, मी थांबले नाही."

माझ्या पायांखालची जमीन सरकली. तिने कोपराजवळची नस चाचपली, बोटांतला जोर पाहिला, कानाची पाळी पाहिली. दुसऱ्या दिवशी बीडला रीतसर तपासणी झाली. कुष्ठरोगच होता, थोडक्या जंतूंचा, सुरुवातीचा. ती रागावली ती एवढ्यावरच, "वर्ष घालवलंत मामा. नस शाबूत आहे हे आपलं नशीब."

हान्सेन नावाच्या नॉर्वेच्या डॉक्टरने या रोगाचा जंतू 1873 साली दाखवला, तेव्हाच खरे म्हणजे शाप आणि पूर्वजन्मीचे पाप या गोष्टी निकालात निघायला हव्या होत्या. पण आपल्याकडे 1898 साली कायदा झाला तो रोग्यांना कोंडण्याचा, आणि तो रद्द व्हायला 2016 साल उजाडले. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात असाध्य कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण होते. ते 2019 साली वगळले गेले. बाबा आमट्यांची गोष्ट आपण सर्वांनी वाचली आहे. पावसात पडलेला तो मरणोन्मुख रोगी पाहून तेसुद्धा आधी पळालेच होते. मग स्वतःच्या भीतीची लाज वाटून ते परतले आणि वरोड्याजवळ आनंदवन उभे राहिले. मला मात्र पळायला दुसरा रोगी नव्हता. मी स्वतःपासूनच पळत होतो.

आणि पळालो कशापासून? 1980 नंतरच्या दशकात दोन-तीन औषधे एकत्र देण्याचा उपचार आला, तेव्हापासून हा रोग पुरता बरा होतो. माझ्यासारख्याला सहा महिने गोळ्या, अधिक जंतू असलेल्याला बारा. औषध सरकारी दवाखान्यात फुकट. गोळ्या सुरू झाल्या की थोड्याच अवधीत रोग्यापासून इतरांना धोका उरत नाही. 2005 च्या अखेरीस देशात दहा हजारांत एकाहून कमी रोगी उरले, आणि बहुधा म्हणूनच आपण सारे त्याला विसरलो. नवे रोगी मात्र आजही सापडतात. ते माझ्यासारखे पूर्ण बाह्यांत हिंडत असतात.

सौभाग्यवतींना सांगताना माझी जीभ जड झाली. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, "गोळी जेवणाआधी का नंतर?" त्यांची आणि मुलांचीही तपासणी झाली, खबरदारीची एकेक गोळी त्यांनी घेतली. माझा शेवटचा पत्ता जुलैत संपला. चट्ट्यात स्पर्श अजून मंदच आहे. तो कदाचित तसाच राहील. वर्ष घालवल्याची ती किंमत.

भाची आता तिसऱ्या वर्षात आहे. प्रबंधाची घाई चालली आहे. मेहुणे अजून अधूनमधून लेझरचे नाव काढतात. ती हसते आणि म्हणते, "घेऊ की बाबा, पण आधी कापूस घेऊ." हा लेख छापायला देऊ का, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, "द्या. तुमच्या नावानिशी द्या. एकानं जरी बाही वर केली तरी पुष्कळ झालं."

म्हणून दिला आहे. या दिवाळीला मी पाटावर बसणार आहे. तेल सौभाग्यवती लावतील, उटणे मुलगी. वाचकहो, आपणही त्या पहाटे अंगाला तेल लावताना जरा नीट पाहा. फिकट चट्टा दिसला, तर कापसाचे टोक फिरवा. लागले तर उत्तम. नाही लागले, तर लपवू मात्र नका.