कड्यात उजळलेला बुद्ध : व्हिडिओ खरा, मेसेज खोटा

आपल्या भागातल्या ग्रुपवर एक व्हिडिओ पुन्हा फिरतोय. रात्रीची वेळ, उंच कडा, कड्यात भला मोठा कोनाडा आणि त्यात उजेडानं झळकणारा उभा बुद्ध. खाली मजकूर, ‘तालिबानने फोडलेली मूर्ती पुन्हा उभी राहिली.’ चार-पाच जणांनी विचारलं, म्हणून लिहितोय.

व्हिडिओ खरा आहे, पण त्यात मूर्ती नाही. जून २०१५ मध्ये एका चिनी जोडप्यानं अफगाणिस्तानातल्या बामियानला मोठे प्रोजेक्टर नेऊन रिकाम्या कोनाड्यात प्रकाशाची मूर्ती दाखवली होती. प्रोजेक्टर बंद झाला की कोनाडा पुन्हा रिकामा.

खऱ्या मूर्ती दोन होत्या. मोठी ५५ मीटर, धाकटी ३८. गावातल्या पाण्याच्या तीन उंच टाक्या एकावर एक ठेवा, मग मोठीचा अंदाज येईल. तिथले लोक त्यांना सलसाल आणि शाहमामा म्हणायचे. १९६९ ते १९७७ या काळात आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याच्या माणसांनी तिथं जाऊन डागडुजीही केली होती. फेब्रुवारी २००१ मध्ये मुल्ला ओमरनं मूर्ती पाडायचा हुकूम काढला. आधी तोफा डागल्या, त्यानं भागेना तेव्हा सुरुंग लावले. तिथल्याच हजारा लोकांकडून ते जबरदस्तीनं भरून घेतले. मार्चमध्ये सगळं संपलं.

मग पुन्हा बांधत का नाहीत? आजकाल तर सगळं बनतं.

अजिंठा-वेरूळ कठीण काळ्या पाषाणात आहे, नाक-डोळे थेट दगडात कोरता आले. बामियानचा दगड भुसभुशीत. म्हणून कारागिरांनी अंगाचा ढोबळ आकार दगडात काढला आणि बारीक काम चिखलात केलं. मोठ्या मूर्तीच्या चिवराच्या चुण्यांसाठी दगडात लाकडी खुंट्या ठोकल्या, त्यांना दोर बांधले, वरून गिलावा दिला. त्या चिखलात भुसकट आणि जनावरांचे केस कालवलेले. आमची आजी भिंतीसाठी असाच गारा तुडवायची, त्यामुळे मला हे लगेच समजलं. त्याच भुसकटावरून आणि केसांवरून म्युनिकच्या शास्त्रज्ञांनी वय काढलं : धाकटी साधारण ५४४ ते ५९५ मधली, मोठी ५९१ ते ६४४ मधली.

मोजमापाची अडचण नाहीच. झुरिचच्या तंत्रज्ञांनी १९७० मधल्या फोटोंवरून मोठ्या मूर्तीचा हुबेहूब नमुना कॉम्प्युटरवर तयार केलाय. अडचण मालाची आहे. गिलाव्याची बहुतेक मातीच झाली. दगडाचे सुमारे १४०० तुकडे, काही दोन-दोन टनांचे, तेही ठिसूळ. ते औषध देऊन पक्के करायचे तर खोऱ्यातच छोटा कारखाना टाका, नाहीतर दगड जर्मनीला न्या. धाकटी जमेल, पण मोठीची जाडी १२ मीटर, तिचं अवघड, असं म्युनिकवाल्यांचं म्हणणं.

दुसरी गोष्ट नियमाची. २००३ पासून ही जागा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. जुने तुकडे जागेवर बसवा, पण नवा माल कमीत कमी वापरा, असा दंडक. २०१३ मध्ये जर्मन तज्ज्ञांनी धाकटीच्या जागी विटा आणि काँक्रीटचे पायासारखे खांब उभे केले, तर युनेस्कोनं काम थांबवलं. मला तो आक्षेप पटतो. सगळं काँक्रीट झालं तर ती नवी मूर्ती, जुनी नव्हे. पण बामियानच्या काही लोकांना एक तरी मूर्ती हवीय, पर्यटक आले तर चार घरं चालतील म्हणून. पोटाचा प्रश्न आहे, त्यांना नावं कशी ठेवणार? काही जण मात्र म्हणतात, कोनाडे रिकामेच राहू द्या, काय झालं ते दिसू द्या.

ऑगस्ट २०२१ पासून तिथं पुन्हा तालिबानचं राज्य आहे. आता तेच रिकामे कोनाडे बघायला येणाऱ्यांना तिकीट फाडतात.

व्हिडिओ पुढं पाठवायचा तर जरूर पाठवा. फक्त खाली ‘प्रोजेक्टरचा उजेड, बामियान, २०१५’ एवढं टाका.