जाहिरातीतील आमचे छायाचित्र

गेल्या वर्षीच्या वैशाखात, बारावीचे निकाल लागून फार दिवस झाले नव्हते, आमच्या परिचयाच्या एक वहिनी सकाळीच शाळेच्या कार्यालयात आल्या. त्यांचे घराणे मूळचे नागपूरचे. 1956 साली नवे मध्यप्रदेश राज्य झाले आणि राजधानी भोपाळला आली, तेव्हा सरकारी कचेऱ्यांबरोबर नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथून जी मराठी कुटुंबे इकडे आली त्यांपैकीच हे एक. पुढची पिढी कोटरा सुल्तानाबादेत घर बांधून स्थायिक झाली. वहिनींच्या हातात एक गुळगुळीत रंगीत पत्रक होते. मुलगा अकरावीत जाणार, त्याला एका खाजगी शिकवणीवर्गात घातले आहे, तरी शाळेच्या हजेरीत त्याला थोडी सवलत मिळावी, असे त्यांचे मागणे होते. ऐंशी हजार रुपये शुल्क एकरकमी भरले होते आणि त्यासाठी सासूबाईंच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या.

'एवढी मोठी रक्कम भरण्यापूर्वी चौकशी केलीत ना?' असे आम्ही विचारले. वहिनी हसून म्हणाल्या, 'चौकशी कसली, सर! पत्रकात तुम्हीच आहात की.'

आम्ही पत्रक हाती घेतले आणि क्षणभर आमच्या तोंडून शब्द फुटेना. मध्यभागी आमच्याच शाळेची, त्या वर्षी उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेली एक विद्यार्थिनी होती. गळ्यात हार, आणि शेजारी शाल व श्रीफळ हाती धरून उभे असलेले आम्ही! वर ठळक हिंदी अक्षरांत 'हमारी छात्रा' आणि त्याखाली यशाची हमी. आमचे पदनाम व शाळेचे नावही छापण्यास ते विसरले नव्हते.

वस्तुतः ती मुलगी त्या वर्गात एक दिवसही शिकली नव्हती. वर्गाने दोन दिवसांची एक विनामूल्य चाचणी घेतली होती, तिला ती बसली होती, इतकाच तिचा संबंध. निकालानंतर 'गुणवंतांचा सत्कार' म्हणून निमंत्रण आले. शासकीय शाळेच्या मुलीचे कौतुक कोणी करते आहे या आनंदात आम्ही व्यासपीठावर जाऊन बसलो. छायाचित्रे काढली गेली, ती कशासाठी हे विचारण्याचे भान आम्हांस राहिले नाही. मुलीच्या वडिलांनीही विचारले नाही. ते तर पुढे चौकात मुलीचा मोठा फलक लागला तेव्हा नातेवाइकांना तो दाखवण्यास घेऊन जात असत.

आम्ही आयुष्यभर मुलांना अतिशयोक्ती अलंकार शिकवीत आलो आहोत. कवी अतिशयोक्ती करतो तेव्हा ती खरी मानून कोणी घर गहाण टाकीत नाही. व्यापाऱ्याच्या बढाईलाही कायदा काही अंशी अशीच सूट देतो. 'स्वर्गीय चवीचा चहा' असे म्हणणाऱ्यास स्वर्गातील चहाचा पुरावा कोणी मागत नाही. परंतु 'आठ दिवसांत केस उगवतील', 'शंभर टक्के निवड' ही अलंकारिक भाषा नव्हे. ही विधाने आहेत आणि विधान करणाऱ्याने ती सिद्ध केली पाहिजेत. या भेदाचा सर्वांत प्रसिद्ध निवाडा इंग्लंडातला आहे. 1891 साली कार्बोलिक स्मोक बॉल नावाच्या कंपनीने अशी जाहिरात दिली की, आमचा धुराचा गोळा सांगितल्याप्रमाणे वापरूनही ज्यास इन्फ्लुएन्झा होईल त्यास 100 पौंड देऊ. आणि आमच्या सचोटीची खूण म्हणून 1000 पौंड बँकेत ठेवले आहेत. कार्लिल नावाच्या बाईंनी गोळा वापरला, त्यांना ताप आला, त्यांनी पैसे मागितले. कंपनी म्हणाली, ती नुसती बढाई होती. 1892 साली अपील न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. पैसे बँकेत ठेवल्याचे सांगणारा मनुष्य थट्टा करीत नसतो, असा त्या निकालाचा रोख होता.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर लवकरच, 1954 साली, औषधे व जादूचे उपचार यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा झाला. रोग बरे करण्याचा दावा करणारे ताईत, मंत्र, कवच हेही त्यात आले. हमदर्द दवाखान्याने या कायद्यास सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. 1959 च्या निकालात न्यायालयाने काही तरतुदी रद्द केल्या, पण निषिद्ध औषधांच्या व्यापारी जाहिरातीस भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण नाही असे सांगितले. पुढे 1995 साली टाटा प्रेसच्या खटल्यात त्याच न्यायालयाने व्यापारी जाहिरात हीदेखील अभिव्यक्ती आहे असे मानले. मात्र खोट्या व फसव्या जाहिरातीस हे छत्र मिळालेले नाही.

तथापि आमच्या मनात घर करून राहिली आहे ती औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, हकीकत. दूरचित्रवाणीवर 'हनुमान चालीसा यंत्रा'च्या जाहिराती चालत. यंत्र घ्या आणि संकटे दूर करा, असा त्यांचा सूर. त्याविरुद्ध 2015 साली एका सामान्य नागरिकाने उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे धाव घेतली. निकाल जानेवारी 2021 मध्ये लागला. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली अशा अलौकिक सामर्थ्याच्या वस्तूंची जाहिरात बेकायदेशीर ठरली, आणि विकणाराच नव्हे तर ती दाखवणारी वाहिनीही उत्तरदायी धरली गेली. निकाल वाचून आम्हांस समाधान वाटले आणि लगेच खेदही. कारण तो कायदा महाराष्ट्राचा. नर्मदेच्या या तीरावर वाहिनी तीच दिसते, पण तो कायदा येथे चालत नाही. 1954 चा केंद्रीय कायदा देशभर आहे खरा. परंतु तो रोगांपुरता आहे, धनलाभाच्या यंत्राला तो सहज लागू होत नाही.

ही उणीव बऱ्याच अंशी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने भरून काढली. त्याखाली 2020 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि फसव्या जाहिरातीबद्दल उत्पादकास व शिफारस करणाऱ्यास 10 लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंडाची तरतूद झाली. शिफारस कशास म्हणावे याची व्याख्या वाचताना आमच्या कपाळी घाम आला. व्यक्तीचे नाव, सही, प्रतिमा, किंवा संस्थेचे नाव वा मुद्रा दाखवून ग्राहकाचा असा समज करून दिला की हे त्यांचे मत वा अनुभव आहे, तर ती शिफारस! तोंडाने एक शब्दही न उच्चारता, केवळ श्रीफळ हाती धरून आम्ही शिफारस करून बसलो होतो. शासकीय सेवकांच्या आचरणनियमांची आठवण झाली ती निराळीच.

शिकवणीवर्गांसंबंधी तर 13 नोव्हेंबर 2024 रोजी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे निघाली आहेत. पन्नासाहून अधिक विद्यार्थी असलेल्या वर्गास ती लागू आहेत. यशस्वी विद्यार्थ्याचे नाव वा छायाचित्र वापरावयाचे तर त्याची लेखी संमती हवी, आणि तीही निवड झाल्यानंतर घेतलेली. प्रवेशाच्या वेळीच कोऱ्या अर्जावर घेऊन ठेवलेली सही चालत नाही. त्याने कोणता अभ्यासक्रम केला, किती काळ केला, पैसे भरून केला की कसे, हेही सांगितले पाहिजे. या अटीचे कारण मोठे उद्बोधक आहे. 2022 च्या केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत 933 उमेदवार निवडले गेले. दिल्लीच्या एका वर्गाने त्यांपैकी 682 आमचेच असे जाहीर केले. प्राधिकरणाने तपासले तेव्हा त्यांतील 674 जणांनी केवळ विनामूल्य सराव-मुलाखत दिली होती असे निष्पन्न झाले. म्हणजे उरले आठ! पाच लाखांचा दंड झाला. आमच्या मुलीच्या दोन दिवसांच्या चाचणीचीच ही थोरली बहीण.

दावा ठळक हिंदीत आणि खुलासा तळाशी मुंगीएवढ्या इंग्रजीत, ही युक्तीही आता चालू नये. ज्या भाषेत दावा त्याच भाषेत खुलासा असावा, असे 2022 च्या तत्त्वांत स्पष्ट आहे.

येथे आपल्या भगिनींनाही एक सांगावेसे वाटते. घरगुती मसाले, उटणी, केसांची तेले करून विकणाऱ्या कितीतरी जणी आपल्या समाजात आहेत आणि आम्ही त्यांचे गिऱ्हाईक आहोत. 'आजीच्या हातची चव' असे खुशाल लिहावे. 'मधुमेह बरा करणारी चटणी' असे मात्र चुकूनही लिहू नये. मधुमेह 1954 च्या कायद्याच्या यादीतच आहे आणि तो कायदा कारखानदार व गृहिणी असा भेद करीत नाही.

त्या वर्गाच्या चालकांस आम्ही पत्र लिहिले. उत्तर आले नाही, म्हणून स्वतः गेलो. 'सर, सगळेच करतात,' असे ते सौजन्याने म्हणाले व त्यांनी चहा मागवला. आम्ही तत्त्वांची प्रत त्यांच्यापुढे ठेवली. पंधरा दिवसांनी फलक उतरला. मुलीचे वडील थोडे नाराज झाले, अजूनही आहेत. वहिनींच्या मुलाचे नाव वर्गातून काढले. पैसे परत देण्यास टाळाटाळ झाली तेव्हा त्यांनी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली. दोन महिन्यांनी साठ हजार मिळाले. उरलेल्या विसांसाठी लढण्याचे बळ त्यांच्यात नव्हते आणि आम्हीही आग्रह धरला नाही. गणपतीच्या आधी पाटल्या सुटल्या.

यंदाच्या निकालानंतर सत्काराची तीन निमंत्रणे आली. आमची छायाचित्रे कोठे छापणार, असे आम्ही तिघांस लेखी विचारले आहे. एकाचे उत्तर आले आहे.