इन्शुरन्स केलाय का रे?

ट्रिप ठरली की हॉस्टेलमध्ये काय काय होतं ते सांगायला नको. कुणाची सॅक कुणाकडे आहे याचा शोध लागतो, सिनियरची स्लीपिंग बॅग मागून आणली जाते, कॅमेरावाल्याला वर्गणी माफ करायची की नाही यावर रात्री दोनपर्यंत चर्चा झडते आणि हिशेबाच्या वहीत मॅगीच्या पाकिटापर्यंत सगळं लिहिलं जातं. त्या वहीत ‘इन्शुरन्स’ अशी ओळ मी आजवर पाहिलेली नाही. आमच्याही वहीत नव्हती.

थर्ड इयरची परीक्षा संपल्यावर, जूनच्या शेवटच्या आठवड्यात, आम्ही सहा जण मनालीहून भाड्याच्या तीन बुलेट घेऊन काझाला निघालो. अटल बोगदा ओलांडून ग्रांफूच्या पुढे गेलं की रस्ता म्हणजे नुसते गोटे आणि मधेमधे रस्त्यावरूनच वाहणारे नाले. हे नाले सकाळी घोट्याएवढे असतात. ऊन चढलं, वरचं बर्फ वितळलं की दुपारी गुडघ्यापर्यंत येतात. सगळे सांगत होते, पहाटे निघा. आम्ही आलू पराठ्यांच्या नादात साडेदहाला निघालो. तिसऱ्या नाल्यात माझ्या रूममेटची गाडी गोट्यावरून घसरली आणि ते पावणेदोनशे-दोनशे किलोचं धूड त्याच्या मांडीवर पडलं. मांडीचं हाड मोडलं. मोबाईलला रेंज नाही. एका पिकअपवाल्या भाऊंनी मागे गाद्या टाकून आम्हाला मनालीला आणलं तेव्हा रात्र झाली होती. डॉक्टर म्हणाले, रॉड टाकावा लागेल. काउंटरवरचे म्हणाले, आधी डिपॉझिट भरा.

त्याच्या घरची कोरडवाहू शेती, सोयाबीन आणि तूर. जून म्हणजे पेरणीचा महिना, घरात होतं नव्हतं ते बियाण्यात आणि खतात गेलेलं. वडिलांनी फोनवर पहिलं विचारलं, “शुद्धीवर हाय ना?” आणि मग थोडं थांबून, “किती म्हणतेत?” विंगमधल्या पोरांनी, मेसच्या काकांनी, आमच्या दोन सरांनी जमेल तसे पाठवले. उरलेले पीककर्जातून आले. ऑपरेशन, दहा दिवसांचा मुक्काम, चंदीगडपर्यंत अँब्युलन्स, गाडीवाल्याची नुकसानभरपाई असं सगळं धरून २ लाख ४० हजार. आमच्या ट्रिपचं माणशी बजेट होतं चौदा हजार!

आता गंमत पाहा. त्या रात्री हॉस्पिटलच्या पायरीवर बसून आमच्यातला एक जण मोठ्या विश्वासाने म्हणाला, “टेन्शन कशाला घेता? गाडीला इन्शुरन्स आहे की!” आम्ही सगळे भावी इंजिनियर, आणि सहाही जणांना ते पटलं! दुसऱ्या दिवशी गाडीवाल्याने कागद दाखवला तेव्हा कळलं की त्या इन्शुरन्सचा आणि मोडलेल्या हाडाचा काडीचाही संबंध नाही.

हे नीट समजून घ्या, कारण हा गैरसमज सगळ्या हॉस्टेलभर आहे. रस्त्यावर गाडी आणायची तर कायद्याने जो इन्शुरन्स सक्तीचा आहे तो थर्ड पार्टी. म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं जे नुकसान झालं त्याची भरपाई. तुम्ही स्वतःच नाल्यात आडवे झालात तर तुम्ही ‘थर्ड पार्टी’ नाही. मग येतो पर्सनल अॅक्सिडेंट कव्हर, १५ लाखांचा. तो मालक-चालकासाठी, म्हणजे ज्याच्या नावावर गाडी आहे तोच चालवत असेल तर. भाड्याने घेणाऱ्याचा त्यात पत्ता नाही. शिवाय तो मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी असतो, हॉस्पिटलच्या बिलासाठी नाही. आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तर तो गाडीच्या पत्र्यासाठी. म्हणजे बुलेटचा मडगार्ड बदलून मिळेल, तुमची मांडी नाही.

गोव्याला जाणाऱ्यांनी तर आणखी कान उघडे ठेवावेत. भाड्याने द्यायचा परवाना असलेल्या दुचाकीची नंबर प्लेट काळी आणि त्यावर पिवळी अक्षरं असतात. पांढऱ्या प्लेटची स्कूटर कुणी “आपलीच आहे, घेऊन जा, शंभर रुपये कमी द्या” म्हणून देत असेल तर ती खासगी गाडी आहे, भाड्याने देणंच बेकायदा आहे. अपघात झाला की इन्शुरन्स कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते. लायसन्स नसताना चालवणं आणि पिऊन चालवणं हे तर प्रत्येक पॉलिसीत बाद. गोवा ट्रिपचा एकंदर कार्यक्रम लक्षात घेता हे वाक्य दोनदा वाचावं.

मग आपल्या हाडामांसाचा इन्शुरन्स कोणता? तर मेडिक्लेम आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स. घरच्या मेडिक्लेममध्ये तुमचं नाव असेल तर भारतात कुठेही उपचार झाले तरी तो बहुधा उपयोगी पडतो, फक्त आपलं नाव अजून त्यात आहे का हे विचारून घ्या. बऱ्याच पॉलिसींमध्ये मुलगा ठरावीक वयानंतर बाहेर पडतो. आयुष्मान भारतचं कार्ड असेल तर ते योजनेतल्या परराज्यातल्या हॉस्पिटलमध्येही चालतं. रूममेटच्या घरी रेशनकार्ड होतं, हे कार्ड काढायचं राहून गेलं होतं. ट्रॅव्हल इन्शुरन्स याच्या पुढची सोय करतो: जिथे पडलात तिथून योग्य हॉस्पिटलपर्यंत नेणं, बरं वाटल्यावर घरी पोचवणं, घरच्या एकाला तिकडे येण्याचा खर्च, हरवलेलं सामान, रद्द झालेलं तिकीट. देशातल्या आठवडाभराच्या ट्रिपसाठी काही शे रुपये लागतात.

“पण होणार नसेल तर ते पैसे वायाच ना?” हा प्रश्न हमखास येतो. याचं उत्तर एम-थ्रीमध्ये आहे, पण आपण एम-थ्री पास होण्यापुरतं करतो. समजा (आकडे समजावण्यापुरते आहेत), वर्षाला हजार जण असल्या ट्रिपला जातात, त्यातल्या चौघांना प्रत्येकी २ लाखांचा फटका बसतो. एकूण ८ लाख, माणशी ८००. कंपनी आपला खर्च आणि नफा घालून ११०० घेते. म्हणजे सरासरीने बघितलं तर तुम्ही ३०० रुपये जास्तच देता. हिशेबाने तोटाच! पण तुम्ही सरासरी माणूस नाही. तुम्ही एक तर ०, नाही तर २ लाख. आणि २ लाख हा आकडा तुमच्या घराला झेपणारा आहे का, हा खरा प्रश्न. ज्याच्या वडिलांना झेपतो त्याने इन्शुरन्स नाही काढला तरी चालेल. ज्याच्या पेरणीचे पैसे जाणार त्याने काढायलाच हवा. नेमकं उलट होतं. परवडणारी पोरं घेतात, बाकीचे तीनशे वाचवतात. बीम डिझाईन करताना आपण फॅक्टर ऑफ सेफ्टी घालतो तेव्हा तिथेही जास्तीचं स्टील ‘वाया’च जात असतं, त्यावर कुणी भांडत नाही.

कंपनीला हे का परवडतं? हजारात चार धरले तर एखाद्या वर्षी दोन होतील, एखाद्या वर्षी सहा, म्हणजे निम्म्याने इकडेतिकडे. पण एक लाख लोक असतील तर ४०० अपेक्षित आणि फरक साधारण २० चा, म्हणजे पाचच टक्के. माणसं वाढली की अनिश्चितता वर्गमुळाच्या हिशेबाने मागे पडते. माणसं वाढली की सरासरी स्थिरावते याची सिद्धता याकोब बर्नुलीने मांडली, ती त्याच्या मृत्यूनंतर १७१३ मध्ये छापली गेली. इन्शुरन्सचा सगळा धंदा त्या सिद्धतेवर उभा आहे. अर्थात त्यात एक मेख आहे: घटना एकमेकींपासून स्वतंत्र असायला हव्यात. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडमधला एयाफ्यातलायोकुत्ल (उच्चार जमेल तसा करावा) ज्वालामुखी फुटला आणि राखेमुळे युरोपचं आकाश जवळजवळ आठवडाभर बंद पडलं. सुमारे एक लाख उड्डाणं रद्द! तिथे सगळ्यांचा क्लेम एकदम. मग राख म्हणजे ‘हवामान’ की नाही यावर कंपन्यांनी कीस पाडला. २०२० मध्ये कोविडला हेच झालं, अनेक पॉलिसींमध्ये महामारी मुळात वगळलेलीच होती. म्हणून पॉलिसीत काय मिळतं ते नंतर वाचा, काय मिळत नाही ते आधी वाचा.

ट्रेकवाल्यांनी दोन गोष्टी शोधाव्यात. एक, उंचीची मर्यादा. काही पॉलिसी ठरावीक मीटरच्या वर गेलात की हात वर करतात. एव्हरेस्ट बेस कॅम्प ५३६४ मीटरवर आहे आणि तिथून हेलिकॉप्टरने खाली आणणं हाच सगळ्यात मोठा खर्च. दुसरं म्हणजे ‘साहसी खेळ’ या शब्दाची व्याख्या. पायवाटेने चालणं चालतं, दोर लावून चढणं चालत नाही, असं बऱ्याच ठिकाणी असतं. आणि हो, लबाडी फक्त कंपन्याच करतात असं नाही. नेपाळात हेलिकॉप्टर बचावाच्या नावाखाली खोटी बिलं लावण्याचे प्रकार २०१८ मध्ये सरकारी चौकशीत बाहेर आले होते. शेवटी ते पैसे इमानदार ट्रेकर्सच्या हप्त्यातूनच जातात.

लोणावळ्याला भजी खायला जाताना पॉलिसी काढा असं मी म्हणणार नाही. सह्याद्रीत अडकलात तर ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्थांची पोरं रात्री-बेरात्री दोर घेऊन येतात, तेही एक पैसा न घेता. पण पुढचं हॉस्पिटलचं बिल ते भरणार नाहीत, आणि भरावं अशी अपेक्षाही करू नये. अॅडमिशनच्या वेळी फीमध्ये विद्यार्थी अपघात विम्याची छोटी रक्कम घेतली आहे का, ते पावतीवर बघा. असेल तर तो कधी लागू होतो हे ऑफिसात जाऊन विचारा. आम्ही ऑपरेशननंतर तीन आठवड्यांनी विचारलं, तोवर अपघाताची पोलिसांत नोंद नव्हती आणि कळवायची मुदतही गेली होती.

रेल्वेचं वेगळं. ऑनलाइन तिकीट काढताना खाली एक चौकट असते, माणशी ४५ पैशांची. सप्टेंबर २०१६ मध्ये ही सोय सुरू झाली तेव्हा ९२ पैसे होते. रेल्वे अपघातात मृत्यू किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं तर १० लाख, अंशतः अपंगत्वाला साडेसात लाखांपर्यंत, हॉस्पिटलसाठी २ लाखांपर्यंत. कन्फर्म आणि आरएसी तिकिटालाच, वेटिंगला नाही, आणि जनरल डब्याला ही चौकटच नाही. रेल्वे कायद्याखाली मिळणारी भरपाई याच्याहून वेगळी आहे. कल्पना मात्र जुनी आहे. इंग्लंडात १८४९ मध्ये स्टेशनवर तिकिटासोबत असा विमा विकायला सुरुवात झाली. फर्स्ट क्लासला तीन पेन्समध्ये हजार पौंडांचा, थर्ड क्लासला एका पेनीत दोनशेचा. थर्ड क्लासचा जीव तेव्हाही स्वस्तच.

परदेशी जाणाऱ्यांना काही ठिकाणी विचारायचीही गरज नाही, तिथे सक्तीच आहे. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय कव्हर दाखवल्याशिवाय व्हिसा मिळत नाही. अमेरिकेत जे-वन व्हिसावर इंटर्नशिपला जाणाऱ्याला दर आजारामागे किंवा अपघातामागे किमान एक लाख डॉलरचं कव्हर लागतं. एफ-वनवाल्यांना बहुतेक युनिव्हर्सिटी स्वतःची पॉलिसी घ्यायला लावतात. ती महाग वाटते म्हणून स्वस्तातली पॉलिसी शोधताना युनिव्हर्सिटी ती मान्य करते का हे आधी ईमेल करून विचारा. सामान हरवलं तर विमानतळ सोडण्याआधीच काउंटरवर तक्रार नोंदवून कागद घ्या, तो नसेल तर पुढे कुणी ऐकत नाही.

आणखी एक नवीन जमात आहे: लॅपटॉप घेऊन कधी पाळोळे, कधी बाली असं फिरत काम करणारी. आपले दोन-तीन सिनियर्स त्यात आहेत, फोटो बघून आपण जळतो. यांची पंचाईत अशी की ट्रॅव्हल इन्शुरन्स ‘घरी परतणारा माणूस’ गृहीत धरतो. वर्षभराच्या पॉलिसीतही एका ट्रिपला दिवसांची मर्यादा असते, ऑफिसचा ग्रुप मेडिक्लेम बहुधा भारताबाहेर चालत नाही, आणि बहुतेक भारतीय पॉलिसी निघण्याआधी भारतातूनच घ्याव्या लागतात. बालीला पोचल्यावर आठवण झाली तर उशीर झालेला असतो. लॅपटॉप चोरीला गेला तर ‘नजरेआड ठेवलेली वस्तू’ म्हणून क्लेम उडतो.

क्लेम करायची वेळ आलीच तर पहिल्या दिवशीच कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन, पोलिसांत नोंद, आणि प्रत्येक बिलाची मूळ प्रत. जुना दमा किंवा फिट्स असतील तर फॉर्मवर खरं लिहा. लपवलेला आजार निघाला की सगळा क्लेम अडकतो.

रूममेट या सेमिस्टरला परत आलाय. जिना चढताना उजवा हात कठड्यावर ठेवतो, वॉर्डन सरांनी त्याला ग्राउंड फ्लोअरची खोली दिली आहे. रॉड पुढच्या वर्षी काढायचा आहे, आणि पीककर्जाचा हप्ता मार्चमध्ये आहे. डिसेंबरच्या इंडस्ट्रियल व्हिजिटची वही या वेळी त्याच्याकडे आहे. परवा बघितली, पहिल्याच ओळीवर इन्शुरन्स लिहिलंय आणि पुढे प्रत्येकाच्या नॉमिनीचं नाव. माझ्या नावापुढची जागा अजून रिकामी आहे, रोज विचारतो.