कुलूप बँकेचं, कर्ज मात्र तुमचंच

स्पेनमध्ये २००८ च्या मंदीनंतर ज्यांची घरं गेली, त्यांना पुढचा हिशेब तोंडपाठ झाला होता. समजा, तेजीच्या काळात दोन लाख युरो मूल्यांकनाचा फ्लॅट एका कुटुंबानं कर्ज काढून घेतला. नोकरी गेली, हप्ते थकले, तेव्हा मुद्दल अजून एक लाख सत्तर हजार शिल्लक होतं. बँकेनं घर लिलावात काढलं. मंदीत बोली लावायला कोण येणार? कोणी आलं नाही, तर मूळ मूल्यांकनाच्या निम्म्या रकमेत बँकेनं स्वतःच घर घ्यावं, अशी कायद्यात सोय होती. म्हणजे बँकेनं घर एक लाखात घेतलं आणि उरलेले सत्तर हजार, वर व्याज, वर कोर्टाचा खर्च, हे सगळं घराबाहेर काढलेल्या माणसाच्या नावावर राहिलं. स्पेनच्या दिवाणी संहितेतलं १९११ वं कलम सांगतं की कर्जदार आजच्याच नव्हे, तर उद्या मिळणाऱ्या मालमत्तेनिशीही देणं लागतो. त्यामुळे पुढे कधी नोकरी लागली, तर पगारातून कपात सुरू.

जामीनदार म्हणून आईवडिलांनी सह्या केल्या असतील, तर त्यांचंही घर टांगणीला. लॅटिन अमेरिकेतून आलेल्या स्थलांतरितांनी तर एकमेकांना जामीन राहून कर्जं घेतली होती. एक पडला की त्याच्यामागे दुसरा.

आणि तो फ्लॅट? त्याला बँकेचं कुलूप लागलं. घेणारा नाही, भाड्यानं द्यायची इच्छा नाही. २०११ च्या जनगणनेत स्पेनमध्ये ३४ लाखांहून अधिक घरं रिकामी निघाली. त्याच सुमारास रोज कुठे ना कुठे बेलिफ आणि पोलीस कुटुंबांना बाहेर काढत होते. २०१३ च्या सुरुवातीला बेकारी २७ टक्क्यांच्या घरात पोचली होती.

एवढी घरं बांधली तरी कोणी? हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत, १९५०च्या दशकाच्या अखेरीस, गृहनिर्माणमंत्री होसे लुईस आरेसे यांनी देश मजुरांचा नव्हे तर मालकांचा करायचा, असं धोरण मांडलं. ते इतकं मुरलं की पुढे सरकारी मदतीनं बांधलेली घरंही बहुतेक विकलीच गेली. भाड्यानं देण्यासाठी सरकारच्या हाती फारसं काही उरलं नाही. मग युरो आला, व्याजदर उतरले आणि २००६ या एकाच वर्षात साडेआठ लाखांहून अधिक नव्या घरांना परवानग्या मिळाल्या. माद्रिदच्या दक्षिणेला सेसेन्या गावाबाहेर फ्रान्सिस्को एर्नांदो या बिल्डरनं माळरानावर साडेतेरा हजार घरांची वसाहत काढली. त्यातली पाचेक हजार झाली. वसाहतीत त्यानं आपल्या आईवडिलांचा पुतळाही उभारला, पण राहायला माणसं येईनात. पुढे भाव पाडून घरं विकली गेली, तेव्हा माद्रिद न परवडणारी कुटुंबं तिथं आली. भाव उतरला की ओसाड वसाहतही भरते, हे तिथं दिसलं.

२००९ च्या फेब्रुवारीत बार्सिलोनात गृहकर्जबाधितांचा एक मंच सुरू झाला. आदा कोलाउ त्याच्या संस्थापकांपैकी एक, त्याच पुढे २०१५ ला शहराच्या महापौर झाल्या. मंचाच्या बैठकीत हप्ते थकलेला माणूस पहिल्यांदा येई तो बहुधा मान खाली घालूनच. आजूबाजूचे वीस जण तेच सांगताहेत हे ऐकलं की त्याची लाज कमी होई. मग बँकेला अर्ज कसा लिहायचा हे कालचा नवखा आजच्या नवख्याला शिकवी. मागणी सोपी होती: घर घ्या आणि कर्ज फिटलं म्हणा. ते जमत नसेल, तर त्याच घरात आम्हाला परवडेल अशा भाड्यानं राहू द्या. यासाठी १४ लाखांवर सह्या गोळा करून त्यांनी संसदेपुढे विधेयक नेलं. मे २०१३ मध्ये कायदा आला, पण ही मुख्य मागणी गाळूनच. दोन महिने आधी, मार्चमध्ये, युरोपीय न्यायालयानं कातालोनियातल्या एका कर्जदाराच्या खटल्यात ठरवलं होतं की करारातल्या जाचक अटी तपासेपर्यंत जप्ती थांबवण्याची मुभा न्यायाधीशाला असायलाच हवी. खरा धक्का बसला तो त्या निकालानं.

माझ्या मते मंचाचं मागणं निव्वळ दयेचं नव्हतं. बँकांना वाचवण्यासाठी युरोपकडून सुमारे ४१ अब्ज युरो घेतले गेले, त्याची हमी लोकांच्या करातून. सडलेली कर्जं आणि मालमत्ता उचलायला २०१२ च्या अखेरीस ‘सारेब’ ही कंपनी उभी राहिली. जवळपास दोन लाख मालमत्ता तिच्याकडे गेल्या. पण तिला काम दिलं होतं पंधरा वर्षांत सगळं विकून पैसे वसूल करण्याचं. लोकांना राहायला घर देणं तिच्या कामात नव्हतंच. नंतर तिच्याकडून तीच अपेक्षा धरून सगळे निराश झाले.

तरी प्रयत्न झाले. २०१३ च्या जानेवारीत बँकांनी मिळून सुमारे सहा हजार घरं कमी भाड्यासाठी बाजूला काढली, पण अटी इतक्या की त्यातलीही बरीच पडून राहिली. आंदालुसियाच्या प्रांतिक सरकारनं त्याच वर्षी एप्रिलमध्ये हिंमत केली. बँकेच्या रिकाम्या घराला दंड, आणि बेघर होऊ घातलेलं कुटुंब आधीच त्या घरात राहत असेल, तर घराचा वापर तीन वर्षांपर्यंत सरकारच्या ताब्यात. मालकी बँकेचीच, वापर कुटुंबाचा. २०१५ मध्ये घटनात्मक न्यायालयानं तो वटहुकूम मोडीत काढला. दरम्यान आंदालुसियातल्याच सेव्हियात छत्तीस कुटुंबांनी २०१२ मध्ये एका रिकाम्या इमारतीत स्वतःच शिरून मुक्काम केला होता. आधी वीज तोडली, मग पाणी. बायका डबे-बाटल्या घेऊन पाणी भरत, म्हाताऱ्या जिन्यावरून ते वर चढवत. एप्रिल २०१४ मध्ये पहाटे पोलिसांनी त्यांना काढलं. इमारत पुन्हा रिकामी.

कातालोनियानं दुसरी वाट धरली: रिकामं घर अडवून ठेवणाऱ्या बँका आणि बड्या मालकांवर कर. तो न्यायालयात टिकला. देशपातळीवर २०२३ च्या कायद्यानं चार किंवा अधिक घरं असलेल्या मालकाचं घर दोन वर्षांहून जास्त रिकामं राहिलं, तर नगरपालिकेला घरपट्टीवर ५० ते १५० टक्के अधिभार लावता येतो.

आता आकड्यांकडे. २०११ च्या जनगणनेनं एकट्या बार्सिलोनात ८८ हजारांच्या आसपास घरं रिकामी असल्याचं म्हटलं होतं. महापालिकेनं पुढे माणसं पाठवून दारं ठोठावली, तेव्हा सापडली साधारण दहा हजार. २०२१ ला देशभरात विजेच्या वापरावरून मोजणी केली, त्यात ३८ लाख रिकामी घरं निघाली, पण जवळपास निम्मी दहा हजारांहून कमी वस्तीच्या गावांत. काम माद्रिदला आणि रिकामं घर सोरियाच्या डोंगरात, हे गणित जमत नाही. एप्रिल २०२३ मध्ये पंतप्रधान सांचेझ यांनी सारेबची पन्नास हजार घरं परवडणाऱ्या भाड्यानं देण्याची घोषणा केली. खोलात गेल्यावर कळलं की २१ हजार घरं उपलब्ध, १४ हजारांत लोक आधीच राहत होते, आणि उरलेल्या १५ हजारांची तेव्हा नुसती जमीनच होती.

म्हणून रिकाम्या घरांची एकूण बेरीज फेकून कोणी सगळ्यांना घर देण्याचं बोललं की मी सावध होतो. घर कुठे आहे आणि कोणाच्या हातात आहे, एवढंच महत्त्वाचं. स्पेनमध्ये सर्वांत उपयोगी पडलं असतं ते घर रिकामं होण्याआधीचं काम. थकलेल्या कर्जदाराला तिथेच भाडेकरू करायचं, वरचं कर्ज माफ करायचं. बँकेला कुलूप लावायला रिकामं घर उरलंच नसतं. पण ते केलं असतं, तर बँकांना आपला तोटा त्याच वर्षी वह्यांत दाखवावा लागला असता. अडलं ते तिथं.

आपल्याकडेही आर्थिक पाहणीनं २०११ च्या जनगणनेवरून मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार रिकामी घरं मोजली होती. इथलं कारण बरंचसं वेगळं: गुंतवणूक म्हणून घेतलेलं घर, भाडेकरू निघणार नाही ही जुनी भीती, म्हणून अकरा महिन्यांचा करार किंवा सरळ कुलूप. कर्जाची रचना मात्र ओळखीची आहे. २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार बँक साठ दिवसांची नोटीस देऊन कोर्टाबाहेर गहाण घराचा ताबा घेऊ शकते, आणि विक्रीतून पुरेसं न मिळाल्यास बाकी वसूल करायला कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाऊ शकते. घर गेलं म्हणजे कर्ज संपलं, असं इथंही नाही. तुमच्या गृहकर्जाचा करार कपाटात असेल, तर उरलेल्या रकमेचं आणि जामीनदाराचं कलम एकदा काढून वाचा. जामीनदार म्हणून भावाची किंवा मेव्हण्याची सही घेतली असेल, तर त्यालाही वाचायला द्या.