दुसरी सर्व्हिस

बारा वर्षांखालच्या मुलांचा सामना पाहायला बसलात, तर दुसऱ्या सर्व्हिसकडे लक्ष ठेवा. पहिली सगळेच जोरात मारतात. लागली तर लागली. ती बाहेर गेली की मुलाला काय शिकवलंय ते दिसतं. बहुतेक मुलं चेंडू अलगद पलीकडे ढकलतात. या गटात ते खपून जातं, कारण समोरच्यालाही त्या मऊ चेंडूवर तुटून पडता येत नाही. चौदा वर्षांखालच्या गटात ते महागात पडू लागतं. सोळाच्या गटात रिटर्न करणारा बेसलाइनच्या दोन पावलं आत येऊन अशा चेंडूची वाटच बघत असतो.

पुण्यात मुलांना टेनिस शिकवताना माझा सगळ्यात जास्त वेळ या एका फटक्यावर जातो आणि पालकांशी वादही यावरूनच होतात. घोडं अडतं पकडीपाशी. लहान मूल रॅकेट उलथन्यासारखी धरतं, गटिंग, म्हणजे तारांची बाजू, थेट चेंडूकडे. फोरहँडला ते जमून जातं, म्हणून सर्व्हिसलाही तीच पकड राहते. सर्व्हिसला हवी कॉन्टिनेंटल. तीत तळवा मुठीच्या वरच्या कडेवर सरकतो, रॅकेट चेंडूकडे आधी कडेनं जाते आणि अगदी शेवटी कोपरापुढचा हात बाहेर वळला की गटिंग समोर येतं. ज्या मुलाची पकड बदलली त्याचे पहिले काही आठवडे वाईट जातात. चेंडू कधी बाजूच्या कोर्टावर, कधी कुंपणावर, कधी स्वतःच्याच पायाशी.

हा खटाटोप कशासाठी, ते आकड्यांतून कळतं. जाळी मध्यभागी ०.९१४ मीटर उंच. बेसलाइन तिच्यापासून ११.८८५ मीटरवर, तर पलीकडच्या सर्व्हिस बॉक्सची मागची रेघ ६.४० मीटरवर. सरळ रेषेत मारलेला चेंडू जाळीवरून जाऊन त्या बॉक्समध्ये पडायचा असेल, तर तो निदान २.६ मीटर उंचीवर मारावा लागतो. दीड मीटर उंचीच्या मुलीचा हात रॅकेटसकट जेमतेम अडीच मीटरपर्यंत पोचतो. म्हणजे चेंडू आधी वर पाठवायचा आणि मग खाली उतरवायचा. उतरवायचे मार्ग दोन : हळू मारणं किंवा फिरकी देणं. हळू मारणं मुलं आपली आपण शोधून काढतात. फिरकी शिकवावी लागते.

त्यासाठी मी मुलांना सर्व्हिस लाइनवर एक गुडघा टेकून बसवतो. बसल्या जागेवरून चेंडू जाळीपलीकडे न्यायचा, तर तो खालून वर घासण्यावाचून गत्यंतर नसतं. नीट घासला गेला की नेहमीच्या ठोक्याऐवजी सर्रकन आवाज येतो, आणि तो आवाज मुलांना माझ्या सूचनेआधी कळतो. मग उभं राहून तेच, मग पाऊल पाऊल मागे सरकत बेसलाइनपर्यंत. टॉस डोक्याच्या बरोबर वर, उजव्या हातानं खेळणाऱ्याचा किंचित डावीकडे. चेंडू जाळीवरून हातभर वरून गेला पाहिजे. मुलांना हे पटत नाही. जाळीला घासून गेलेली सर्व्हिस म्हणजे चांगली, अशी त्यांची समजूत असते.

सातारा भागातून आईबरोबर पुण्यात राहायला आलेली एक मुलगी माझ्याकडे होती. बाराच्या गटात जिंकणारी, पाय चपळ, डोकं शांत, दुसरी सर्व्हिस मात्र ढकललेली. पकड बदलली तशा तिच्या डबल फॉल्ट वाढल्या.

“सर, बाहेर जातोय.”

“जाऊ दे. हात थांबला होता का तुझा?”

“नाही.”

“मग ठीक आहे. पुढचा घे.”

हात थांबणं हाच खरा शत्रू. भीती वाटली की मूल हात आवरतं. हात आवरला की फिरकी जाते आणि फिरकी गेली की चेंडू खाली उतरतच नाही. दुसऱ्या सर्व्हिसला हात पहिलीइतकाच वेगानं फिरायला हवा, फक्त दिशा वर हवी. बालेवाडीत २०१८ ते २०२३ या काळात टाटा ओपन महाराष्ट्र स्पर्धा होत असे, तेव्हा मी मुलांना आधी सरावाच्या कोर्टांकडे न्यायचो. जगातले नावाजलेले खेळाडू चेंडूंची बास्केट शेजारी ठेवून दुसऱ्या सर्व्हिसचा सराव करताना जवळून पाहिले की माझी निम्मी बडबड वाचायची.

त्या मुलीचे बाबा सुट्टीला आले की मला कोर्टाबाहेर गाठायचे. “सर, हे आत्ताच करायचं का? रँकिंग खाली येतंय तिचं.” त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ऑल इंडिया टेनिस असोसिएशनच्या ज्युनियर स्पर्धांची उतरंड असते, टॅलेंट सिरीजपासून चॅम्पियनशिप, सुपर आणि नॅशनल सिरीजपर्यंत. गुण कमी झाले की वरच्या स्पर्धेत थेट प्रवेश मिळत नाही, क्वालिफाइंग खेळावं लागतं. प्रवास वाढतो, लॉजचा खर्च वाढतो, शाळा बुडते. घरच्यांनी गाव सोडून खोली भाड्यानं घेतलेली असते. त्यांना ‘धीर धरा’ म्हणणं सोपं आहे. तो धीर पैशात केवढ्याला पडतो हे मला माहीत आहे. तरीही माझं उत्तर ‘आत्ताच’ असंच असतं. पंधराव्या वर्षी ही पकड बदलायला घेतली, तर तोवर लाखभर चुकीच्या सर्व्हिस हातात मुरलेल्या असतात.

अशा वेळी मी पीट सॅम्प्रसबद्दल सांगतो. तो चौदाच्या आसपास असताना प्रशिक्षक पीट फिशर यांनी त्याचा दोन्ही हातांचा बॅकहँड सोडवून एका हाताचा करायला लावला. ज्युनियर सामन्यांत त्याला त्याची किंमत मोजावी लागली. १९९० साली, १९ वर्षांचा असताना, तो अमेरिकन ओपन जिंकला. प्रत्येक मूल सॅम्प्रस होत नाही, हे मी पालकांना त्याच दमात सांगतो. पण हरण्याच्या काळात प्रशिक्षकानं मुलाच्या पाठीशी उभं राहायचं असतं. नाहीतर मूल एका स्पर्धेत नवी पकड, दुसरीत जुनी असं करत बसतं आणि दोन्हीकडून जातं.

घाई उलट्या बाजूनंही घात करते. फिरकीच्या सर्व्हिसला पाठ मागे वाकते आणि पिळतेही. वाढीच्या वयात कंबरेच्या मणक्यांवर ताण येऊन हाडाला बारीक चीर पडणं ही तरुण टेनिसपटूंची ओळखीची दुखापत आहे. म्हणून मी मुलांची उंची नियमित मोजतो. उंची झपाट्यानं वाढू लागली की त्या काळात सर्व्हिसची बास्केट निम्मी. हात अचानक लांब झालेला असतो, जुना टॉस जुळत नाही, मूल वैतागतं. त्याला आळशी म्हणणारे पालक आणि प्रशिक्षक पाहिले की मला राग येतो.

एक गोष्ट मात्र पूर्वीपेक्षा खूप सुधारली आहे. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमानुसार २०१२ पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू वापरता येत नाही. लाल चेंडू त्याच्यापेक्षा सुमारे ७५ टक्के मंद, नारिंगी ५० आणि हिरवा २५ टक्के. लाल चेंडूचं कोर्ट ११ मीटरचं, नारिंगीचं १८ मीटरचं. चेंडू डोक्यावरून उडत नाही, त्यामुळे सहा वर्षांचं मूलही कमरेच्या उंचीवर फटका मारतं आणि त्याची पकड पहिल्यापासून नीट बसते. काही पालकांना वाटतं, लाल चेंडू म्हणजे बाळखेळ. ‘आमचा पिवळ्यानं खेळतो’ असं ते अभिमानानं सांगतात. त्याच मुलांची सर्व्हिस मग बाराव्या वर्षी माझ्याकडे दुरुस्तीला येते.

दुसऱ्या सर्व्हिसचं मोल मुलांना एका सामन्यानंही पटवलं. ऋतुजा भोसले आणि रोहन बोपण्णा यांनी २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. पहिला सेट २-६ असा गेला, दुसरा ६-३ असा घेतला आणि सुपर टायब्रेक १०-४. महाराष्ट्राची मुलगी म्हणून तो सामना आमच्याकडे मुलांनी डोळ्यांत तेल घालून पाहिला. दहा गुणांच्या टायब्रेकमध्ये एका डबल फॉल्टची किंमत किती, हे त्या दिवशी मला समजावून सांगावं लागलं नाही.

सातारा भागातल्या त्या मुलीनं सगळा मोसम पडत झडत काढला. क्वालिफाइंगमध्ये हरली, बाराच्या गटात जिला सहज हरवत असे तिच्याकडूनही हरली. मोसम संपता संपता एका सामन्यात ती तिसऱ्या सेटमध्ये ४-५, ३०-४० अशी सर्व्हिस करत होती. पहिली जाळीत. दुसरीला हात थांबला नाही. चेंडू जाळीवरून चांगला वरून गेला, बॉक्समध्ये उतरला आणि समोरच्या मुलीच्या खांद्याइतका उसळला. रिटर्न आखूड आला. तो आमच्या मुलीनं घाईघाईत फोरहँडनं बाहेर मारला आणि सामना गेला. बाहेर आल्यावर ती आधी फोरहँडबद्दलच बोलली : पाय पोचले नव्हते, मध्यावरच्या आखूड चेंडूवर ती उशिरा निघते. बरोबर होतं तिचं. सोमवारपासून आम्ही त्याच चेंडूवर काम सुरू केलं. मार्करला, म्हणजे सरावाला चेंडू टाकणाऱ्याला, सांगितलं, सर्व्हिस लाइनच्या आसपास आखूड टाकत राहा, कधी डावीकडे, कधी उजवीकडे.