नांगराला खाली कोण दाबतं?

किल्लारीच्या शिवारात हरभरा निघाला की काळी रानं उघडी पडतात, आणि ऊन वाढेल तशा त्यांना भेगा पडू लागतात. हाताचा पंजा सहज आत जाईल अशा. ही माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. वरचा सुटा चुरा भेगांत घरंगळतो, पावसाळ्यात भेगा मिटताना खालची माती दाबाने वर सरकते. वर्षानुवर्षं ती स्वतःलाच सावकाश उलथत असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी इथे ६१७ मीटर खोल भोक घेतलं, तेव्हा वरचे ३३८ मीटर काळा पाषाणच लागला. त्या पाषाणाच्या झिजेतून झालेला वरचा पापुद्रा म्हणजे आपलं रान. त्यातलंही आपण नांगरतो वीतभर.

पण ती वीत लहान नाही. एक एकर नऊ इंच खोल नांगरलं तर हजार टनांहून जास्त माती जागची हलते. उसाच्या दहा टनी ट्रॉल्या लावल्या तर शंभराच्या वर लागतील. नांगराचा तास, म्हणजे फाळाने पडणारी चर, नऊ इंच रुंद धरला तर तेवढ्याच एकरासाठी जवळपास अठरा किलोमीटर चालावं लागतं, तेही ढेकळांतून. माती स्वतःच उलथते तर हा उपद्व्याप कशाला? कारण तिला घाई नाही, आपल्याला आहे. हराळीच्या आणि कुंद्याच्या मुळ्या मृगाआधी उन्हात वर यायला हव्यात, भाजायला हव्यात.

आजकाल हे काम ट्रॅक्टरच्या लिफ्टवर टांगलेला पलटी नांगर करतो. मला मात्र त्याच्या आधीचा, हुकाला अडकवून नुसता ओढायचा नांगर जास्त चकित करतो. दोन फाळ, तीन चाकं, दोन दांडे आणि एक दोरी. त्याला वरून कुणी दाबत नाही. तरी तो टणक काळ्या रानात वीतभर खाली जातो आणि तिथेच राहतो, ना बुडतो ना वर येतो.

पहिलं कारण फाळाच्या टोकात आहे. नवा फाळ सपाट फरशीवर ठेवा. टोक टेकतं, मागची टाच टेकते, पण मधे तीन ते पाच मिलिमीटरची फट राहते. टोक किंचित खाली वाकलेलं असतं आणि ओढलं की ते जमिनीत शिरायला बघतं. एवढ्याशा फटीवर सगळी नांगरट उभी आहे. टोक झिजून फट गेली की नांगर रानावरून घसरत जातो, मग त्यावर दगड ठेवा नाहीतर दोन माणसं बसवा. म्हणून जुना नांगर भंगारातून उचलून आणला की आधी ट्रॅक्टरकडे नाही, लोहाराकडे जायचं. फाळ शेवटून, म्हणजे ठोकून टोक काढून, आणायचा. माती उलटवणारा वाकडा पत्रासुद्धा गंज घासून आरशासारखा करायचा, कारण आपली काळी माती ओली असताना खरखरीत पत्र्याला अशी लिंपते, की नांगर माती उलटवायचं सोडून तिचा गोळाच पुढे ढकलत बसतो.

दुसरं कारण डोळ्यांना दिसत नाही. ती एक रेघ आहे. माती नांगराला जिथे अडवते तो बिंदू फाळाच्या तळापासून जेमतेम दोन इंच वर असतो. ट्रॅक्टर जिथून ओढतो तो बिंदू मागच्या दोन चाकांच्या मधोमध. या दोहोंमध्ये ताणलेली दोरी मनात धरा. नांगर पुढे जिथे अडकवता ते भोक या दोरीवर यायला हवं. ते फार वर गेलं की नांगराची शेपूट उचलते, फार खाली राहिलं की पुढची चाकं अधांतरी होतात. आडव्या दिशेने तर आणखी गंमत. माती उजवीकडे टाकणाऱ्या नांगराची जोडणी उजवीकडच्या भोकात सरकवली, की नांगर डावीकडे जातो, न नांगरलेल्या रानात घुसून जास्त रुंद तास घेतो. ओढीची रेघ सरळ व्हायला बघते आणि नांगरालाच हलावं लागतं.

बैलांच्या नांगराला हीच रेघ लागू. ईसाडावर, म्हणजे नांगराच्या लांब लाकडावर, जू मागेपुढे बांधून खोली बदलणारा शेतकरी हीच भूमिती करत होता, फक्त तिला नाव दिलेलं नव्हतं. लोखंडी नांगरात पुढच्या पट्टीला भोकं आली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास बेळगावात असे नांगर करायला घेतले आणि १९१० मध्ये औंध संस्थानाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडाने जमीन बिघडते, असं म्हणून लोकांनी ते आधी घेतलेच नाहीत म्हणतात. साखळी त्या पट्टीच्या वरच्या भोकात घातली की नांगर खोल, खालच्या भोकात घातली की उथळ. साखळी लांब केली तरी खोल जातो. बैलाच्या खांद्यापासून निघणारी रेघ मग चपटी पडते आणि नांगराचं नाक वर उचलत नाही. देवणी किंवा लाल कंधारी बैलांच्या जोडीला दिवसभर झेपते ती वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढी ओढ, म्हणजे सुमारे शंभर किलो. काळ्या रानात खोल नांगराला याच्या कितीतरी पट लागते. एका नांगराला सहा-आठ बैल जुंपायचे ते त्यामुळेच, हौस म्हणून नव्हे.

ट्रॅक्टर आला आणि तेच काम एका माणसावर आलं. फक्त जोडताना एक गोष्ट विसरायची नाही: ओढ नेहमी मागच्या आसाच्या खाली असलेल्या दांड्यावरूनच. साखळी आसाच्या वर बांधली आणि फाळ दगडात अडकला, तर चाकं थांबतात पण इंजिन थांबत नाही, ते ट्रॅक्टरचं तोंडच वर उचलतं. मागे उलटलेल्या ट्रॅक्टरखाली चालक असतो. म्हणून काही जुन्या नांगरांच्या जोडणीत मुद्दाम लाकडी खुंटी असायची. पाषाण लागला की ती मोडायची, बाकी सगळं शाबूत. मोडण्यासाठीच केलेला इतका शहाणा भाग मी दुसरा पाहिला नाही.

दोरीची करामत वेगळीच. बांध जवळ आला की चालक बसल्या जागी दोरीला झटका देतो. जमिनीवरून फिरणाऱ्या चाकातला खटका पडतो आणि चाकाच्याच फिरण्याने नांगर वर उचलला जातो. वळून आल्यावर पुन्हा झटका, नांगर खाली. ना तेल, ना पंप. पुढे हॅरी फर्ग्युसनच्या १९२६ च्या पेटंटने नांगर थेट ट्रॅक्टरच्या अंगाला जोडला, मातीच्या ओढीवरून खोली आपोआप सांभाळली, आणि दोरी, चाकं, दांडे हळूहळू गेले.

आता त्या ओढायच्या नांगराची मांडणी. ती रानात नाही, अंगणात करायची. नांगरताना ट्रॅक्टरची उजवी चाकं आधीच्या तासात चालतात, डावी वर. म्हणजे सगळं यंत्र दिवसभर एका अंगावर कललेलं. आठ इंच खोल नांगरायचं असेल तर ट्रॅक्टरची डावी चाकं आठ इंच उंचीच्या दगडांवर चढवायची. नांगराच्या डाव्या चाकाखालीही दगड, पण इंचभर कमी, कारण ते चाक मातीत थोडं रुततं. अंगणाची फरशी म्हणजे झाला तासाचा तळ. मग नांगराची खोली ठरवणारे ते दोन दांडे फिरवत जायचं, दोन्ही फाळ फरशीला सारखे टेकेपर्यंत. पुढच्या फाळाखाली बोट जातंय आणि मागच्याखाली नाही, असं असेल तर पुन्हा पहिल्यापासून.

एवढं करून रानात गेल्यावर पहिला तास वाकडाच पडतो. साहजिक आहे, चाक उतरायला अजून तासच नाही. पुढचा फाळ उथळ, मागचा खोल. नवखा माणूस इथेच घाबरून दांडे फिरवायला घेतो आणि सकाळ घालवतो. जाणता मागे वळूनही बघत नाही. बांधावरून वळतो, परत येतो, उजवी चाकं त्या वाकड्या तासात उतरतात, ट्रॅक्टर एका अंगावर झुकतो, आणि अंगणातल्या दगडांवर मांडलेलं सगळं तिथे जुळतं. दोन्ही फाळांची माती सारखी उलटू लागते.